०.५ माणूस

इमारत बांधण्याआधीच ती मे महिन्यात किती तापेल हे सांगणं हा माझा धंदा. त्यासाठी एनर्जीप्लस नावाचं सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं, आणि चक्क फुकट. भिंतीची जाडी, खिडकीची काच, छताचा रंग एकदा सांगितलं की भागतं. खरी परीक्षा वेळापत्रकाची. वर्षाचे ८,७६० तास. त्यातल्या प्रत्येक तासाला आत माणसं किती, दिवे किती, एसी चालू की बंद, याचा जबाब द्यावा लागतो.

लिहायचं असं: आठपर्यंत ०, नऊपर्यंत ०.५, अठरापर्यंत १, चोवीसपर्यंत ०. ०.५ म्हणजे निम्मी माणसं आली. केबिन एकट्या साहेबांची असेल तर मात्र अर्धेच साहेब येतात. डोकं आलं की धड, याची चौकशी नाही; सॉफ्टवेअरला मतलब उष्णतेशी. बसून काम करणारा माणूस साधारण १२० वॉट उष्णता टाकतो, म्हणजे साहेब जुन्या साठच्या दोन बल्बांइतके तापतात. हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

संध्याकाळी सहाच्या ठोक्याला ही सगळी मंडळी गायब! लिफ्टपाशी गर्दी नाही, 'निघतोच आहे' म्हणत दारात अर्धा तास गप्पा नाहीत. पश्चिमेची विटेची भिंत मात्र दुपारचं ऊन धरून बसलेली असते आणि ते रात्री सावकाश आत सोडते. म्हणून तर हा तासातासाचा खटाटोप. दिवसभराला एकच सरासरी आकडा ठोकून दिला, तर रात्री नऊला बेडरूममध्ये घामाच्या धारा का लागतात, हे कधीच कळायचं नाही.

सुट्टी 'मे महिन्यातला शेवटचा सोमवार' अशी लिहिली तर चालते. अमेरिकेत त्या दिवशी मेमोरियल डे असतो. 'भाद्रपद शुद्ध चतुर्थी' लिहून बघा! मुकाट्याने कालनिर्णय उघडून तारीख शोधावी लागते. एवढं करून त्या दिवशी ऑफिस रिकामं झालं, तरी घरी आरतीला दाटीवाटीने उभी राहिलेली माणसं, समया, कापूर आणि आत वाफाळणारे मोदक यांचं वेगळं वेळापत्रक लिहायचं राहतंच.

हवामानाची फाईलही और. जानेवारी एका सालचा, फेब्रुवारी भलत्याच सालचा, असे बारा नमुनेदार महिने जोडून केलेलं वर्ष. ते कोणीच जगलेलं नाही. वक्तशीर माणसं राहायला अशाच वर्षात मिळणार.

खरी माणसं बंगल्याचं वेळापत्रक विचारायला गेलो की भेटतात.

"काकू, गॅस किती ते किती चालू असतो?"

"बंद कधी असतो ते विचार."

एसीचा विषय निघताच काका म्हणाले, "आम्ही कुठे लावतो? कधी पाहुणे आले तर." एसी अठरावर होता. रिमोट काकांच्या मांडीखाली होता.

काकांवर विश्वास ठेवून त्या रकान्यात ० भरला की वर्षाचा वीजखर्च कागदावर फार देखणा येतो. सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. उलट काम यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याचं कळवतं.

तेव्हा आमच्यापैकी कोणी वही घेऊन आलं आणि एसी किती वाजता लावता असं विचारलं, तर कृपा करून खरं सांगा. वीजबिल आम्ही तसंही मागणारच आहोत.