आधी पेढीला फोन, मग पाहुण्याला

२०२०च्या मार्चअखेरीला महाराष्ट्रातल्या रक्तदान शिबिरांचा मांडव आठवडाभरात उतरला. कॉलेजं बंद, कंपन्या बंद, लोकल बंद, मंडळांचे कार्यक्रम रद्द. आणि आपल्या रक्तपेढ्या चालतात त्या याच शिबिरांच्या जिवावर. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, म्हणून मागणी थोडी उतरली. पण अतिरक्तस्राव झालेली बाळंतीण, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण, थॅलेसेमियाचं पोर यांना ‘पुढच्या महिन्यात बघू’ कोण सांगणार? थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. टाळेबंदी असो वा नसो.

या कोंडीतून शिबिरं भरवणाऱ्यांनी जी वाट काढली, तिची दखल आपण नीट घेतलीच नाही. आज ती घ्यायची आहे. आणि त्या वेळी कमावलेलं शहाणपण आपण किती चटकन गुंडाळून ठेवलं, तेही स्पष्ट बोलायचं आहे.

राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने कोविडकाळासाठी सूचना काढल्या. त्यांचा गाभा सोपा होता: रक्तदान चालू ठेवा, गर्दी टाळा. मग पेढ्यांचे समाजसेवा अधीक्षक आणि जनसंपर्क अधिकारी फोन घेऊन बसले. जुन्या रक्तदात्यांच्या वह्या निघाल्या, मंडळांच्या कार्यकर्त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप कामाला लागले. दात्याला शिबिरात आणता येत नव्हतं, म्हणून शिबिर दात्याच्या दाराशी गेलं. सोसायटीचं पार्किंग, वाडीतलं समाजमंदिर, शाळेचा रिकामा वर्ग, जिथे चार खाटा अंतर ठेवून मावतील ती जागा.

त्या काळातलं सोसायटीचं शिबिर डोळ्यांपुढे आणा. फरशीवर चुन्याने काढलेले गोल. गेटवर तापमान बघणारा एक कार्यकर्ता, हातात फळी, फळीला लावलेली यादी. यादीत नाव, फ्लॅट नंबर, रक्तगट आणि वेळ. ‘साडेदहा ते अकरा, बी विंग, तिसरा आणि चौथा मजला.’ एका वेळी आत चार-पाच माणसं, जास्त नाहीत. सेक्रेटरी आदल्या रात्री एकेका घरी फोन करताहेत: “काकू, रोहन घरीच आहे ना? अकराला खाली पाठवा. नाश्ता करून येऊ दे, उपाशीपोटी नको. आणि मास्क.” तपासणीत हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली भरलं, तर त्याला समजावून परत पाठवायचं. पुरेसं भरलं, तर खाटेवर घ्यायचं. रक्त दिल्यावर बिस्किटाचा पुडा, केळं, पंधरा मिनिटं विश्रांती, आणि सरळ घरी. दुपारी दोनच्या आत पंचवीस-तीस पिशव्या थंड पेटीत घालून गाडी पेढीकडे रवाना.

या सगळ्यात व्यासपीठ कुठे होतं? नव्हतं. दीपप्रज्वलन नव्हतं, प्रास्ताविक नव्हतं, ‘दोन शब्द बोलतो’ म्हणून पाऊण तास घेणारे प्रमुख पाहुणे नव्हते. रस्ताभर फ्लेक्स नव्हते. तरी रक्त जमा झालं आणि पेढीपर्यंत पोहोचलं.

मोठ्या मंडळांनीही मान तुकवली. लालबागचा राजा सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाची परंपरा १९३४पासूनची. २०२०च्या गणेशोत्सवात या मंडळाने मूर्ती न बसवण्याचा निर्णय घेतला आणि उत्सवाचे दिवस ‘आरोग्योत्सव’ म्हणून रक्तदान आणि प्लाझ्मादानाला दिले. दर्शनाच्या रांगेवर ज्यांची सगळी ओळख उभी आहे, त्यांनी ती रांगच रद्द केली. हे सोपं नव्हतं. कोविडवरच्या प्लाझ्मा उपचाराचा फायदा पुढे अभ्यासांत दिसला नाही आणि मे २०२१मध्ये तो राष्ट्रीय उपचार सूचनांतून वगळला गेला. त्याने मंडळाच्या हेतूला बाध येत नाही. त्या शिबिरांत दिलेलं रक्त तर कुणाच्या ना कुणाच्या कामी येणारंच होतं.

पुढची परीक्षा लसीने घेतली. लशीचा डोस घेतल्यावर २८ दिवस रक्तदान नाही, असा नियम मार्च २०२१मध्ये आला. १ मेपासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली होणार होती, आणि शिबिरांचा कणा म्हणजे नेमका हाच वयोगट. हे सगळे तरुण एकदम रांगेला लागले असते, तर उन्हाळ्यात पेढ्या कोरड्या पडल्या असत्या. आयोजकांनी हिशेब ओळखला आणि ‘आधी रक्तदान, मग लस’ असा आग्रह धरून एप्रिलमध्येच शिबिरं लावली. ५ मे रोजी परिषदेने २८ दिवसांचे १४ दिवस केले. पण तोवर कार्यकर्ते थांबले नव्हते. कॅलेंडर समोर ठेवून, पुढच्या महिन्यात कोणाला रक्त देता येणार नाही याचा आधी विचार करून शिबिराची तारीख धरणं, हे आपल्याकडे किती वेळा घडलं आहे?

दात्यांना वेळ वाटून दिली, शिबिर लहान ठेवलं, वर्षभर पसरलं आणि तारीख पेढीच्या गरजेवर ठरवली. महामारीने शिकवलेला धडा एवढाच, आणि तो अनमोल होता.

आता आजचं चित्र बघा. मांडव परत उभे राहिले. त्यांच्याबरोबर नेत्याचा वाढदिवसही परत आला, ‘महारक्तदान’ परत आलं, ‘विक्रमी संकलन’ परत आलं. चौकात पन्नास फुटी फ्लेक्स, त्यावर बत्तीस चेहरे, आणि रक्तपेढीचं नाव कोपऱ्यात, भिंग घेऊन वाचावं इतकं बारीक.

माझा आक्षेप हौसेला नाही, हिशेबाला आहे. रक्ताला मुदत असते. लाल पेशी जतन-द्रावणाप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स अवघ्या ५ दिवस. समजा, एका पेढीला रोज २० पिशव्या लागतात आणि एका वाढदिवसाला तिच्याकडे १,००० पिशव्या आल्या. ३५ दिवसांत ७०० वापरल्या जातील. उरलेल्या ३०० दुसऱ्या पेढ्यांनी वेळेत उचलल्या तर ठीक, नाही तर नष्ट कराव्या लागतील. प्लेटलेट्सचा हिशेब याहून कठोर आहे. पेढीची गरज तीच धरली, तर पाच दिवसांत शंभरांचा उपयोग, बाकीच्या गेल्या. आणि त्या दिवशी रक्त दिलेले हजारच्या हजार दाते पुढे अडकले: पुरुष ९० दिवस, स्त्रिया १२० दिवस. दीड महिन्याने पेढीत खडखडाट झाल्यावर बोलवायचं कोणाला?

तेच हजार दाते पन्नास-पन्नासच्या वीस शिबिरांत बोलवा. दर अडीच दिवसांनी एक शिबिर. पन्नास दिवस पेढी भरलेली राहील, ताज्या प्लेटलेट्स मिळत राहतील, एक थेंब वाया जाणार नाही. माणसं तीच, रक्त तेच, खर्च फार वाढत नाही. फक्त ‘विक्रम’ होणार नाही.

वाया गेलेली पिशवी म्हणजे कुणाच्या तरी दंडात सुई गेली होती. कुणी तरी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलं होतं. माझं रक्त कुणाच्या तरी कामी येईल या विश्वासाने तो माणूस खाटेवर आडवा झाला होता. तो विश्वास मोडणं हे पाप आहे, आणि ते व्यासपीठावरच्या टाळ्यांनी धुतलं जात नाही.

दुसरा वार भेटवस्तूंवर. डिसेंबर २०२०मध्ये राज्यात रक्ताचा तुटवडा इतका वाढला की मुख्यमंत्र्यांना रक्तदानाचं आवाहन करावं लागलं. त्याच दिवसांत मुंबईतल्या एका शिबिरात रक्तदात्यांना एक किलो चिकन आणि शाकाहाऱ्यांना पनीर देऊ केलं गेलं. गरज खरी होती, घाईही समजू शकते. पण हा रस्ता धोक्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून देशात पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं, ते उगाच नव्हे. मोबदल्याच्या आशेने येणारा माणूस आपला आजार लपवतो, मागच्या महिन्यात रक्त दिल्याचं लपवतो. तपासणीत सगळंच पकडता येत नाही. काही सुरक्षितता दात्याच्या खरेपणावरच उभी असते. चिकन, हेल्मेट, भिंतीवरचं घड्याळ, जेवणाचा डबा, वस्तू कुठलीही असो, तो खरेपणा विकत घेऊ नये. प्रमाणपत्र द्या, केळं द्या, मनापासून आभार माना. पुरे आहे.

कार्यकर्ते म्हणतील, मंचाशिवाय माणसं जमत नाहीत. वाढदिवस आहे म्हणून पोरं धावतात, चढाओढ आहे म्हणून आकडा फुगतो. यात तथ्य आहे आणि मी ते मान्य करते. महामारीत घरोघर फोन करणारी, पेढीच्या गाडीसाठी पोलिसांकडून परवानगी आणणारी, भर उन्हात खाटा उचलणारी फळी याच मंडळांची होती. ही ताकद मोडायची नाही. तिला चांगली चढाओढ द्यायची आहे. एका दिवसात किती पिशव्या भरल्या यावर चढाओढ नको. वर्षाचे किती आठवडे पेढी सांभाळली, यावर लावा. मे महिन्यात कॉलेजं रिकामी आणि शहरं गावाला गेलेली असतात. दिवाळीच्या सुट्टीतही तीच गत. त्या दिवसांत जे मंडळ पन्नास पिशव्या देईल, त्याचा सत्कार जरूर करा. शाल-श्रीफळ देऊन करा, फ्लेक्स लावून करा. त्या फ्लेक्सला माझी हरकत नाही.

मांडववाल्यांचाही प्रश्न रास्त आहे. टाळेबंदीत ज्यांची पोटं सर्वात आधी मारली गेली त्यांत मंडप, ध्वनी, केटरिंगवाले होते. गोदामात बांबू पडून होते आणि कारागीर गावाला निघून गेले होते. त्यांनी मोठ्या कार्यक्रमांची वाट बघितली तर त्यात गैर काय? पण वीस लहान शिबिरांनाही खुर्च्या लागतात, कापड लागतं, पंखे लागतात, चहा लागतो. एका दिवसाचं मोठं बिल की दोन महिन्यांचं नियमित काम, हे त्यांनाच विचारा.

म्हणून प्रत्येक मंडळाला, प्रत्येक सोसायटीला, प्रत्येक आमदाराच्या कार्यालयाला तीन गोष्टी सांगते. पहिली: तारीख ठरवण्याआधी रक्तपेढीला फोन करा आणि विचारा, तुम्हाला कधी हवं, कुठला गट हवा, किती हवं. ई-रक्तकोष संकेतस्थळावर साठाही दिसतो, तो बघा. दुसरी: पेढीने ‘पन्नास’ म्हटलं की पन्नासच घ्या. एकावन्नाव्याचं नाव, गट आणि नंबर लिहून ठेवा आणि त्याला पुढच्या महिन्यात बोलवा. तो तुमचा राखीव साठा आहे, आणि हा साठा मुदत संपून वाया जात नाही. तिसरी: दात्याला वेळ द्या आणि ती पाळा. तो साडेदहाला आला असेल, तर पाहुणे यायचेत म्हणून त्याला बारापर्यंत बसवू नका.

यातली एकही गोष्ट नवी नाही. तुम्ही हे सगळं केलेलं आहे, तोंडावर मास्क, डोक्यावर भीती आणि हातात अपुरी साधनं असताना केलेलं आहे. आज रस्ते मोकळे आहेत, लोकल चालू आहे, कुणाला परवानगीचा कागद लागत नाही. तेव्हा जमलं ते आता जमत नाही, असं कुणी म्हणू नये.

नेत्याचा वाढदिवस वर्षातून एकदा येतो. थॅलेसेमियाच्या पोराची तारीख दर तीन आठवड्यांनी येते. पुढच्या शिबिराची पत्रिका छापायला टाकण्याआधी त्या तारखा पेढीकडून मागून घ्या आणि शिबिर त्यांच्यावर बेता.