बारवरचे आजोबा

मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान यांना फोन करावा. दबक्या आवाजात उत्तर येतं, "नात बारवर आहे. सुटली की करतो." पलीकडे बँकेतला जुना सहकारी असेल तर तो हादरतो. मग बार म्हणजे भिंतीलगतचा आडवा दांडा, तो धरून बॅलेची मुलं उभी राहतात, हे समजावण्यात दहा मिनिटं जातात. आजोबांच्या आठवड्यातली सर्वांत सुखाची दहा मिनिटं.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत असे एकच आहेत, पण ज्या क्लबहाऊसमध्ये सकाळी हास्यक्लब आणि संध्याकाळी बॅले चालतो, तिथे दाराबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर एक तरी असतातच. मांडीवर पाण्याची बाटली, खिशात केसांचे जादा आकडे आणि जाळी. सूनबाई ऑफिसात, मुलगा ट्रॅफिकमध्ये; म्हणून नेण्या-आणण्याचं काम यांच्याकडे आलं. ते यांनी बढती समजून स्वीकारलं.

नात साडेपाच वर्षांची. तिला बॅले नको होता, गुलाबी झगा हवा होता. बॅले त्याच्याबरोबर आला, साबणावर चमचा फुकट यावा तसा. वर्गात ती नाचते कमी आणि आरशात बघते जास्त. जमिनीवर पाय पसरून बसायचं, बोटं पुढे ताणली की 'गुड टोज', वर वळवली की 'नॉटी टोज', एवढं मात्र तिला मनापासून आवडतं. त्यातलंही नॉटीच अधिक.

बॅले शिकले ते आजोबा. दाराच्या फटीतून आठ महिने. प्लिए म्हणजे गुडघे वाकवणे. पण 'गुडघे वाकव' म्हटलं की तो व्यायाम होतो. 'प्लिए' म्हटलं की त्याची फी घेता येते. तांद्यू म्हणजे जमिनीवरून पाय सरकवत ताणणे. पा द शा म्हणजे मांजरीचं पाऊल, हे ते स्वतःच्या मांजराला हाकलतानाही म्हणतात. हे सगळं फ्रेंचमध्ये का, असं लिफ्टमध्ये कुणी विचारलं की संपलंच. तळमजल्यावर चौदावा लुई सिंहासनावर बसतो आणि सातव्या मजल्यावर १६६१ साली नृत्याची अकादमी काढतो. नवव्याचे लोक सातव्यालाच उतरतात आणि जिन्याने जातात.

"मग भरतनाट्यम् का नाही घातलं?" असं भजनी मंडळातल्या एकाने विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला. "उदय शंकर माहीत आहेत? १९२३ साली लंडनला बॅलेवाल्या अ‍ॅना पाव्हलोव्हाबरोबर नाचले. ते कृष्ण, ती राधा." समोरच्याला काय बोलावं कळेना. कृष्णाविरुद्ध भजनी मंडळ बोलणार काय?

चवड्यांच्या टोकावर कधी उभी राहणार, हा प्रश्न मात्र त्यांच्यापुढे काढू नये. नव्या आया नेमका तोच काढतात. आजोबांचा आवाज चढतो: "हाडं कोवळी आहेत हो! अकरा-बारा वर्षांपर्यंत त्या बुटांचं नाव काढायचं नाही. आणि पाय बाहेर वळवायचा तो खुब्यातून, गुडघ्यातून नव्हे." खुबा म्हणताना ते स्वतःच्या खुब्यावर थाप मारतात आणि कळवळतात.

आजींचं या सगळ्याबद्दल मत वेगळं. केसाची एक बट सुटता कामा नये, असा वर्गाचा नियम आहे, आणि सूनबाईंनी व्हिडिओ बघून घातलेला 'बन' पहिल्याच उडीत सुटला होता. आजींनी नातीला पाटावर बसवून चार मिनिटांत अंबाडा घातला. बाईंनी विचारलं, कुठल्या पार्लरमध्ये केला? तेव्हापासून चार आया आपल्या मुली घेऊन साडेचारला आजींच्या दारात उभ्या असतात. "तेल लावू दिलं असतं तर आणखी बसला असता," एवढीच त्यांची तक्रार. आजोबांच्या फ्रेंचला त्या भीक घालत नाहीत. हाडांच्या डॉक्टरांनी ओटा धरून गुडघे अर्धे वाकवायला सांगितलं आहे, ते आजोबा रोज सकाळी टाचा जुळवून, मान ताठ ठेवून करतात आणि त्याला डेमी-प्लिए म्हणतात. "आधी गॅस बंद करा, दूध वर आलंय. मग काय ते वाका," आजी म्हणतात.

डिसेंबरात मुलींचा कार्यक्रम झाला. 'नटक्रॅकर'मधले हिमकण. मूळ बॅले १८९२ चा, सेंट पीटर्सबर्गचा. तिथे हिमकणांना निदान हिमाची ओळख. आमच्या हिमकणांना विंगेत घाम पुसून पाठवत होते. नात रंगमंचावर आली, आजोबा दिसताच दोन्ही हातांनी टाटा केला आणि उरलेला वेळ घसरलेला मोजा वर ओढण्यात घालवला. आजोबांनी बाहेर सांगितलं, "स्टेज प्रेझेन्स आहे."

पण माझ्या डोळ्यांपुढे राहिला आहे तो गेल्या गुरुवारचा प्रसंग. भर वर्गात वीज गेली, स्पीकर बंद, बाईंचा फोन तर आधीच निपचित. मुली किलबिलायला लागल्या. तेवढ्यात बाहेरून, खुर्चीवरून, एक खणखणीत आवाज सुरू झाला: "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ!" बाई क्षणभर थबकल्या, मग मानेने खूण केली. आजोबा दारात येऊन उभे राहिले. टाचा जुळलेल्या, पंजे बाहेर. त्यांच्या आकड्यांवर अंधुक उजेडात अकरा मुली एकदम खाली वाकल्या, एकदम वर आल्या.

बारावी भिंतीशी बसून बुटाचं इलॅस्टिक ताणून सोडत होती. "आजोबा," तिने मध्येच विचारलं, "भेळ कधी?"

"पाच, सहा," आजोबा म्हणाले, "आठ झाले की."