पालीला आंघोळ, कासवाला पापी

रत्नागिरीत पाल अंगावर पडली की माणूस थेट न्हाणीघर गाठतो आणि घरातलं वडीलधारं कोणीतरी पंचांगातलं पल्लीपतनाचं, म्हणजे पाल कुठे पडली तर काय फळ याचं, पान उघडतं. फळाचं राहू द्या, पण आंघोळ शंभर नंबरी. पालीच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात आणि ते विष्ठेवाटे बाहेर पडतात. (पूर्वजांना हे ठाऊक होतं, असा लेख लिहायला कोणी बसला असेल तर त्याने थांबावं. ठाऊक असतं तर पंचांगात खांद्याच्या फळाऐवजी साबणाचा उल्लेख आला असता.) पण हे बिऱ्हाड सगळ्याच सरपटणाऱ्यांच्या पोटात असू शकतं, आणि कासव त्याच कुळातलं. त्याला मात्र आपण दिवाणखान्यात बसवतो. देवळात त्याचा मान, त्यातून विष्णूचा अवतार, शिवाय घरात लक्ष्मी येते म्हणे! मग लाल कानाचं, बिस्किटाएवढं पिल्लू येतं आणि नातवंडं त्याच्या पाप्या घेतात.

‘आमचं कासव ठणठणीत आहे,’ हे पहिलं उत्तर. असणारच, जिवाणू त्याला सहसा त्रास देत नाहीत, आपल्याला देतात. ‘ते पाण्यातच असतं, म्हणजे धुतलेलंच की!’ त्याच पाण्यात ते शीही करतं. ‘अंड्यातही हे जिवाणू असतात,’ हा आक्षेप खरा आहे, पण अंडं आपण शिजवतो, आणि त्याला मांडीवर घेऊन कोणी टीव्ही बघत नाही. अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्री बंद केली, कारण तेवढं कासव पोरं सरळ तोंडात घालत. कायद्याने माप घेतलं ते खरं तर पोराच्या जबड्याचं. मोठ्यांना ताप, मुरडा, जुलाब यांवर बहुधा भागतं. पाच वर्षांखालची मुलं, म्हातारी माणसं आणि गरोदर बायका यांना ते महागात पडू शकतं.

घाबरून कासव विहिरीत मात्र सोडू नका. हे परदेशी लाल कानवालं जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. पाळलंच असेल तर हाताळल्यावर दर वेळी साबणाने हात धुवा, त्याची टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये घासू नका आणि पाच वर्षांखालचं पोर घरात असेल तर कासव आणूच नका. कासवांची हौस वेळासच्या किनाऱ्यावर भागते: तिथे गावकऱ्यांनी जपलेली ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना लांबून बघायची, हात लावायचा नाही.