अ‍ॅडमिनसाहेब, स्पॉन्सर तुम्हीच पळवलेत

कोल्हापूरच्या पेठेतल्या फुटबॉल संघाच्या नावाने पेज चालवणारे अनामिक अ‍ॅडमिनसाहेब,

तुमचं नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून पत्र उघड्यावर लिहावं लागतंय. संघाचं नाव, तालमीचं चिन्ह, खेळाडूंचे फोटो सगळं बिनदिक्कत वापरता आणि स्वतःचं नाव तेवढं झाकून ठेवता. केवढं हे शौर्य!

सामन्याच्या आदल्या रात्री तुमची रील येते. समोरच्या पेठेला शिव्या, त्यांच्या गोलकीपरच्या हातून सुटलेला चेंडू पुन्हा पुन्हा फिरवलेला, मागे डॉल्बीवरचं गाणं आणि शेवटी ‘उद्या मैदानात बघू’. खाली पोरं एकमेकांची आयमाय काढतात. दुसऱ्या दिवशी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत तोच राग येऊन बसतो. हुल्लडबाजीमुळे सामने थांबलेले कोल्हापूरने पाहिलेत. ईर्षा हा इथल्या फुटबॉलचा प्राण आहे, ती सोडा असं कुणी म्हणत नाही. पण ईर्षा रेफ्रीच्या शेवटच्या शिट्टीबरोबर संपायला हवी. तुम्ही ती चोवीस तास मोबाइलवर पेटती ठेवता.

यात कुणाचं किती नुकसान झालं, याचा हिशेब कधी केलात? आपल्याकडे संघ म्हणजे तालीम मंडळ. मागे कुठली कंपनी नाही. जर्सी, बूट, पोरांचा खुराक, बाहेरून आणलेल्या खेळाडूंची राहण्याजेवणाची सोय, गुडघा फिरला तर एमआरआय, हे सगळे पैसे कार्यकर्ते दुकानोदुकान फिरून उभे करतात. सराफ, बिल्डर, बेकरीवाला, क्लासवाला. पूर्वी हा माणूस तालमीच्या शब्दावर पैसे द्यायचा. आता कार्यकर्ता दुकानाबाहेर पडला की तो मोबाइलवर संघाचं नाव टाकतो आणि समोर येतं तुमचं पेज. त्याची गिऱ्हाइकं दोन्ही पेठांतली. शिव्यांच्या शेजारी दुकानाचं नाव झळकवायला तो पैसे कशाला मोजेल? ‘पुढच्या सीझनला बघू’ म्हणतो आणि विषय संपतो. तुम्हाला लाइक मिळतात, पोरांना जुने बूट.

संताप येतो तो याचा, की तुमच्या हातात खरोखर ताकद आहे. गावातल्या दुकानदाराला टीव्हीवरची जाहिरात परवडत नाही. पण जर्सीवरचं त्याचं नाव नीट दिसेल अशी गोलची अर्ध्या मिनिटाची क्लिप पुण्या-मुंबईत, दुबईत नोकरीला गेलेला कोल्हापूरकर रात्री बघतो आणि मित्रांच्या ग्रुपवर टाकतो. किती जणांनी बघितली, त्यातले कोल्हापुरातले किती, हे आकडे तुमच्याच मोबाइलमध्ये असतात. महिन्याच्या शेवटी ते एका कागदावर लिहून दिलेत, तर कार्यकर्त्याला दुकानाच्या पायरीवर ताटकळावं लागणार नाही. तो समोर बसून व्यवहाराचं बोलेल. पहाटे सरावाला येऊन नंतर कामावर जाणाऱ्या डिफेंडरची ओळख करून द्या, पंधरा वर्षांच्या पोराची फ्री किक दाखवा. या शहराला त्याची गोडी आहे. 2017 साली भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. पुढचा अनिकेत आज कुठल्यातरी पेठेत सराव करत असेल, आणि तुमच्या पेजवर त्याला जागा नाही.

खेळ दाखवला तर स्पॉन्सर कसा येतो, तेही बघा. श्रीनगरचा रिअल काश्मीर क्लब 2016 साली उभा राहिला. त्या काळात श्रीनगर म्हटलं की बातम्यांत दगडफेकच दिसायची. 2018 मध्ये हा क्लब देशपातळीवरच्या आय-लीगमध्ये पोहोचला आणि त्याच वर्षी आदिदासने त्याच्याशी किटचा करार केला. तिथल्या पोरांनी जगाला फुटबॉल दाखवला. आपल्याकडे गावभर फुटबॉल आहे, आणि तुम्ही जगाला दगड दाखवता.

तालमीच्या वडीलधाऱ्यांनाही विचारायला हवं की पेजवर आपल्या वाढदिवसाचे फलक झळकतात म्हणून ते गप्प आहेत का? संघाच्या नावाने काय छापलं जातं, याची जबाबदारी त्यांच्यावरही येते. पण रील बनवणारे हात तुमचे आहेत, म्हणून मुख्य आरोपी तुम्हीच.

साहेब, आज रात्री ती रील काढून टाका. शिव्यांच्या कमेंट पुसा. उद्या तालमीत जा, स्वतःचं नाव सांगा आणि पेजचा पासवर्ड मंडळाच्या स्वाधीन करा. मग मंडळानेच सांगितलं तर पेज जरूर चालवा, स्वतःच्या नावाने. आणि वाचकहो, तुमच्या पेठेच्या पेजवर अशी रील आली तर ती पुढे पाठवू नका, ती आपल्याच संघाची असली तरी.

तुमच्याच गॅलरीत बसणारा,
एक फुटबॉलप्रेमी कोल्हापूरकर