गेट लावा, घोटाळा तयार

इंग्रजी वर्तमानपत्रांत एखादं प्रकरण गाजू लागलं की दोषी कोण हे ठरायच्या आत त्याचं बारसं उरकलेलं असतं. नाव शोधायला आत्याबाईही लागत नाही. हाताला लागेल तो शब्द उचलायचा आणि त्याच्या शेपटीला 'गेट' बांधायचं.

हे गेट मूळचं वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट संकुलाचं. 17 जून 1972 च्या मध्यरात्रीनंतर तिथला रखवालदार फ्रँक विल्स याला दाराच्या कुलपावर चिकटपट्टी दिसली. त्याने ती काढून टाकली. पुन्हा फेरी मारतो तर पट्टी जागेवर हजर! चोरांची ही टापटीप त्यांच्याच अंगाशी आली. विल्सने पोलिसांना बोलावलं, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाचजण सापडले आणि धागा ओढता ओढता ऑगस्ट 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची खुर्ची गेली.

निक्सन यांची भाषणं लिहून देणारे विल्यम सफायर तोवर न्यूयॉर्क टाइम्सचे स्तंभलेखक झाले होते. त्यांनी हे शेपूट सढळ हाताने वाटलं: कोरियागेट, लान्सगेट, बिलीगेट. इतरांच्या भानगडींच्या गर्दीत जुन्या धन्याचं पाप बारीक दिसावं, हा त्यामागचा डाव असल्याचा आरोप त्यांच्यावर झाला. डाव असो वा नसो, झालं तसंच. इराणला चोरून शस्त्रं विकली, तेही गेट. खिशातला आयफोन वाकला, तेही गेट. आणि 2015 मध्ये अमेरिकन फुटबॉलमधली हवा कमी भरली तर तेही गेटच.

सगळ्यांवर कडी केली ती लंडनने. 2012 मध्ये डाउनिंग स्ट्रीटच्या मुख्य फाटकातून सायकल नेऊ देत नाहीत म्हणून अँड्र्यू मिचेल हे बडे सत्ताधारी नेते पोलिसांशी हुज्जत घालून बसले. इथे फाटक खरोखरचं होतं. वर्तमानपत्रांची पंचाईत झाली असेल म्हणता? छे! काहींनी सरळ 'गेटगेट' म्हणून टाकलं.

त्याच वर्षी भारतात कोळसा खाणवाटपाचं 'कोलगेट' झालं. त्या टूथपेस्टचा यात काडीचाही संबंध नव्हता. पण कोळशाच्या पुडीने दात घासलेली पिढी आपल्याकडे अजून असल्याने तिला हे नाव फारसं खटकलं नसावं. चंद्रपूरचे खासदार हंसराज अहिर यांनी तो विषय लावून धरला होता. या गेटमागे मात्र निव्वळ हवा नव्हती: सप्टेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 218 पैकी 214 खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं.