शी! या वयात?

अहो, ऐकलंत का? विलायतेत डार्लिंग्टन गावी भलतंच प्रकरण झालंय. चांगली पोक्त, घरंदाज मंडळी ‘ती’च्या नादी लागली! ‘ती’ म्हणजे वाफेचं इंजिन. आपल्याकडे इंजिन बिचारं नपुंसकलिंगी. इंग्रज मात्र त्याला ‘शी’ म्हणतात. आता ‘शी!’ म्हणायचं तर आपण म्हणायला हवं.

बरं, जुनी इंजिनं पुसूनपासून जपणारे हौशी तिकडे पैशाला पासरी. डार्लिंग्टनच्या मंडळींची तऱ्हा मात्र न्यारीच. यांचा जीव जडला होता ‘ए-वन’ जातीवर. या १९४८-४९ मध्ये घडल्या, मोजून ४९. आणि १९६६ पर्यंत झाडून सगळ्या भंगारात गेल्या. आपण हळहळलो असतो आणि पानावर बसलो असतो. यांनी १९९० साली ठरवलं, एकही उरली नाही ना? मग पन्नासावी आपणच घडवू!

आणि पैसा? लोकांना सांगितलं, आठवड्याला बिअरच्या एका ग्लासाचे पैसे द्या. सव्वा पौंड! लोकांनी दिलेसुद्धा. अशी १८ वर्षं गेली, ३० लाख पौंड गेले. घरचा गळका नळ दुरुस्त करा म्हटलं की यातल्या किती जणांची पाठ धरत असेल, हे त्यांच्या बायकाच जाणोत. त्यातून बॉयलर आणला चक्क जर्मनीहून! इंग्रजांचं नाक कुठं गेलं होतं तेव्हा?

२००८ साली बया वाफ सोडत बाहेर पडली. नाव ‘टॉर्नेडो’. पुढच्या वर्षी बारशाला खुद्द तेव्हाचे युवराज चार्ल्स आणि कॅमिला. त्याच डिसेंबरात बर्फानं केंटकडच्या विजेच्या गाड्या जागच्या जागी थिजल्या, तेव्हा खोळंबलेल्या चाकरमान्यांना घराकडे नेलं ते हिनंच. आता अशीला नावं तरी कशी ठेवायची! २०१७ मध्ये तर चाचणीत ताशी १०० मैलांवर धावली, तेही रात्रीच्या अंधारात.

एवढ्यावर भागलं असेल असं वाटतंय तुम्हाला? छे! मंडळींनी दुसरी घडवायला घेतलीय, ‘पी-टू’ जातीची. नाव ठेवलंय ‘प्रिन्स ऑफ वेल्स’. आता हिला ‘ती’ म्हणायचं की ‘तो’, ते तुम्हीच सांगा.