सपाट छताचे दवाखाने

वाडा पडला की माणसं हळहळतात. टॉकीज पडली की वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत आठवणींना पूर येतो. दवाखाना पडला तर मात्र कुणी साधा उसासाही टाकत नाही. साहजिकच आहे म्हणा. जिथं आपण कधीच हौसेनं गेलो नाही, जिथल्या बाकावर बसून ‘आपला नंबर लवकर यावा’ आणि ‘आलाच नाही तर फार बरं’ अशा दोन प्रार्थना एकाच श्वासात केल्या, त्या जागेवर माया जडायला वेळ लागतो. आणि इमारत पाडायला हल्ली फारसा वेळ लागत नाही. अकोल्यात रामदासपेठेच्या बाजूनं जा नाहीतर अमरावतीत राजापेठेकडून, कुठं तरी हिरव्या जाळीआड जेसीबी मान वर-खाली करत असतो आणि साठ-सत्तरच्या दशकातला एखादा दवाखाना अर्धा कापला जाऊन उभा असतो. वरच्या मजल्यावरची तपासणीची खोली, तिचा फिकट हिरवा ऑइलपेंट, पडद्याच्या दांडीचे दोन हूक, सगळं रस्त्यावर उघडं. ज्या खोलीत पडदा नीट ओढून घेतल्याशिवाय कुणी सदऱ्याचं बटण सोडलं नाही, तिच्याकडं आता पाणीपुरीच्या गाडीवरची गर्दी निवांत बघत असते. अख्ख्या गावाची गुपितं सांभाळलेल्या भिंतीची अशी बेअब्रू पाहून मला उगीचच नजर वळवावीशी वाटते.

या इमारतींची एक ठरावीक ठेवण होती. खाली मेडिकल स्टोअर, शेजारी चष्म्याचं दुकान, मधून वर जाणारा मोझॅकचा जिना, जिन्याला सिमेंटची नक्षीदार जाळी, खिडक्यांवरून इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा सरळ छज्जा आणि वर सपाट स्लॅब. ना कमान, ना कोनाडा, ना दारावर गणपती. गणपती आत असायचा, औषध कंपनीच्या कॅलेंडरवर. त्या काळी सिमेंट परमिटवर मिळायचं. १९८२ मध्ये नियंत्रण थोडं सैल झालं, त्याच वर्षाच्या आरंभी सिमेंटच्याच प्रकरणात महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना, म्हणजे अंतुल्यांना, खुर्ची सोडावी लागली होती. अशा दिवसांत संपूर्ण काँक्रीटचा दवाखाना उभा करणं म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हती. अर्थात परमिटवर सही करणाऱ्या साहेबालाही ताप येतोच.

ही साधी, पांढरी, अलंकार उतरवून ठेवलेली वास्तुशैली मुळात आजारातूनच जन्मली असं म्हटलं, तर अतिशयोक्तीचा दोष थोडासाच लागेल. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा ऊन आणि वारा हेच औषध होतं. मग इमारतीनंच औषध व्हायचं ठरवलं. फिनलंडमध्ये आल्वार आल्टोनं १९३३ साली पूर्ण केलेल्या पाइमिओच्या आरोग्यधामात खोलीचं छत मुद्दाम शांत हिरवट रंगाचं केलं, कारण पडून राहणाऱ्या माणसाला दिवसभर तेच दिसणार. हात धुण्याच्या बेसिनचा उतार त्यानं असा ठेवला, की पाणी पडताना आवाज होऊ नये आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची झोप मोडू नये. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडचे दवाखाने आठवले, जिथं नळ गळायचा आणि त्या ठिबक-ठिबकीवर रुग्ण आपला नंबर मोजायचे.

पण खरा लोभस माणूस हॉलंडचा यान डाउकर. अॅमस्टरडॅमच्या हिरे कामगारांच्या संघटनेनं आपल्या क्षयी सोबत्यांसाठी हिल्व्हरसम गावाजवळ ‘झोनेस्ट्राल’, म्हणजे सूर्यकिरण, नावाचं आरोग्यधाम बांधायला घेतलं. हिऱ्यांना पैलू पाडताना ते ज्यावर बसवतात त्या तांब्याच्या दांड्यांचं भंगार विकून या कामासाठी पैसे जमवले जात. १९२८ साली मुख्य इमारत उघडली: बारीक काँक्रीट, भरपूर काच, जणू वाऱ्यानंच आराखडा काढावा. डाउकरनं हिशेब असा केला होता, की तीसेक वर्षांत क्षय हटेल, मग या इमारतीचं कामही संपेल. तेव्हा ती तेवढीच टिकावी. रोगाबरोबर आपलंही आयुष्य संपावं अशी मनोमन इच्छा धरून बांधलेली वास्तू! आमच्याकडं ‘आचंद्रसूर्य’ टिकण्याच्या गोष्टी असतात, तिथं हा भला माणूस मुदत ठरवून मोकळा. गंमत पुढं आहे. क्षयावर औषध आलं, इमारत दुसऱ्या कामाला लागली, मग ओस पडली, पडझड झाली, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जाणकारांनी तिला हात दिला. आता ती दुरुस्त होऊन उभी आहे, मरायची परवानगी नाकारलेली.

तिकडं शिकागोत नेमकं उलटं घडलं. बर्ट्रांड गोल्डबर्गनं बांधलेलं प्रेंटिस स्त्री रुग्णालय १९७५ मध्ये सुरू झालं. चार पाकळ्यांचा काँक्रीटचा मनोरा, लंबगोल खिडक्या, आणि मधोमध परिचारिकांची जागा, म्हणजे कुठल्याही बाळंतिणीनं हाक मारली तर परिचारिकेला चार पावलांत पोचता यावं. याच गोल्डबर्गच्या दुसऱ्या जुळ्या मनोऱ्यांना शिकागोचे लोक मक्याची कणसं म्हणतात. चिखलदऱ्याच्या वाटेवर भाजलेलं कणीस खाणाऱ्या आमच्या माणसाला हे चटकन पटावं. पुढं तिथल्या एका विद्यापीठाला त्या जागेवर नवी संशोधन इमारत हवी झाली. नामवंत वास्तुविशारदांनी पत्र लिहून विनवलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये वारसा समितीनं या इमारतीला प्राथमिक वारसा दर्जा दिला आणि त्याच बैठकीत तो काढूनही घेतला. सकाळी बारशाला बसलेल्यांनी दुपारी तेराव्याचं जेवण करून उठावं, तसं. पुढच्या वर्षी हातोडा पडू लागला. आमच्या नगरपालिकांना नावं ठेवताना मी हल्ली आवाज थोडा खाली घेतो.

आपल्याकडं या शैलीचं स्वागत झालं, पण थोडं हसत. सपाट छत हा आधुनिकतेचा मोठा शोध असल्याचं युरोपनं सांगितलं, छतावर बाग करा म्हणाले. वऱ्हाडातल्या म्हातारीनं ते ऐकलं असतं तर विचारलं असतं, ‘मंग आमचं धाबं काय उतरतं हाय का?’ मातीच्या धाब्याची घरं इथं पिढ्यान् पिढ्या होती. त्यावर पापड वाळले, कापूस पसरला, उन्हाळ्यात अख्खी घरं झोपली. फरक एवढाच, की धाब्याची माती ऊन अडवायची आणि काँक्रीटचा स्लॅब ते मनापासून साठवायचा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडं जातो. दुपारी वरच्या मजल्यावर बसलेल्या रुग्णाचा ताप मोजून त्यातला रोगाचा किती आणि स्लॅबचा किती, हे ठरवायला निष्णात डॉक्टर लागत असणार.

त्या दवाखान्यांचा खरा मालक मात्र कंपाउंडर. शकुंतला नावाच्या छोट्या आगगाडीनं हळूहळू मूर्तिजापूरला आणि तिथून मोठ्या गाडीनं अकोल्याला येणारे पेशंट आधी त्याच्यासमोर उभे राहायचे. लाल मिक्सचरची बाटली, तिच्या अंगावर कात्रीनं खाचा पाडून चिकटवलेली कागदाची पट्टी. एक खाच म्हणजे एक डोस. बाटली घरून आणायची.

‘काहून बा, बाटली नाही आनली?’

‘फुटली ना साहेब घरी.’

‘मंग औषध काय खिशात वतू तुह्या?’

एवढं बोलून तो कपाटामागून आधीच धुऊन ठेवलेली एक रिकामी बाटली काढायचा. ती तिथं कायम असायची आणि हा संवादही कायम व्हायचा.

सरकारी दवाखान्यांचं नशीब वेगळं. अमरावतीचं जिल्हा रुग्णालय आजही ‘इर्विन’, स्त्री रुग्णालय ‘डफरीन’, अकोल्याचं ‘लेडी हार्डिंग’. व्हाइसरॉय आणि त्यांच्या मडमा केव्हाच गेल्या, पण ऑटोवाला अजून त्यांच्याच दारात सोडतो. खासगी डॉक्टरांना अशी अमरता नाही. पाटी उतरली की संपलं. झोनेस्ट्रालशी नातं सांगणारी एक जागा मात्र आमच्याकडंही आहे. दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीजवळ कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं, तिथंही शेती होती, उद्योग होते, जसे झोनेस्ट्रालला बऱ्या होणाऱ्या कामगारांसाठी कारखाने होते. हिल्व्हरसम आणि अमरावतीला एकमेकांची वार्ता नव्हती, विचार मात्र एकाच वाटेनं चालला होता.

परवा एका वयोवृद्ध डॉक्टरसाहेबांना भेटलो. त्यांचा दवाखाना गेल्या उन्हाळ्यात पाडला, तिथं आता काचेची सहा मजली इमारत येतेय. मी मनात शोकसभेची तयारी करूनच गेलो होतो. त्या मोझॅकच्या जिन्याबद्दल बोललो, जाळीतून फरशीवर उमटणाऱ्या उन्हाच्या फुलांबद्दल बोललो, आल्टोचं बेसिनसुद्धा मध्ये आणलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं, एखाद्या पेशंटला आधी पूर्ण बोलू द्यावं तसं.

‘गळत होती हो,’ ते म्हणाले. ‘दर पावसाळ्यात. नागपूरहून आलेला तो पोरगेला आर्किटेक्ट म्हणाला होता, सपाट असली तरी उतार दिलाय, पाणी आपोआप वाहून जाईल. गेलं ना वाहून. बरोबर माझ्या टेबलावर.’

मग दारं कुठं गेली म्हणून मी विचारलं. मेळघाटचं अस्सल सागवान होतं. ती भंगारवाल्यानं नेली आणि एका शेतातल्या घराला बसली, असं समजलं. एक्स-रेच्या खोलीच्या दाराला शिशाचा पत्रा होता, त्याचा भाव चांगला आला, हेही त्यांनी समाधानानं सांगितलं. आणि मी सुस्कारा सोडणार तेवढ्यात चष्म्यावरून माझ्याकडं निरखून पाहात म्हणाले, ‘ते जाऊ द्या. तुम्ही शुगर शेवटची केव्हा तपासली?’

मी एक तारीख सांगितली. ती त्यांना मुळीच पटली नाही.